दोघांची बोट, पण चालवता यावी एकेकट्याला

वसईच्या एका जोडप्याने विचारलं आहे: मुलं शिकून बाहेर गेली, दोघांचीही पन्नाशी उलटली. एक छोटी शिडाची बोट घ्यायची आणि हिवाळ्याचे चार-पाच महिने मुंबई ते मालवण, जमलं तर गोव्यापर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने तिच्यावरच राहायचं असं मनात आहे. यजमानांनी कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात शीड हाताळलंय, बाईंनी कधीच नाही. दोन जुन्या बोटी पाहून ठेवल्या आहेत, एक ३६ फुटी आणि एक २७ फुटी. जमेल का, कोणती घ्यावी, सुरुवात कुठून करावी?

जमेल. मी आणि माझे यजमान दर हिवाळ्यात हेच करतो, आणि आमच्यासारखी दोघं-दोघं किनाऱ्यावर आणखीही भेटतात. पण एक अट मी कुणालाही घालते. दोघांची बोट म्हटली तरी प्रत्यक्षात ती बहुतेक वेळ एकट्यानेच चालवायची असते. एक जण झोपलेला असतो, एकाला बोट लागलेली असते, एक जण डिंगी (बोटीसोबतची छोटी होडी) घेऊन डिझेल आणायला गेलेला असतो आणि नेमका तेव्हाच वारा फिरतो. २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या ५६ फुटी बोटीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, बोटीवर फक्त दोघीच. दोघींनी पाळ्या लावल्या की जागी असते ती एकटीच, हा साधा हिशेब आहे. म्हणून तुमच्यापैकी प्रत्येकाला ती बोट एकट्याने बंदरात सुखरूप आणता आली पाहिजे. बोट कोणती, नांगर केवढा, निघायचं कधी, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते “यजमानांना येतं” हे वाक्य. बहुतेक जोडप्यांत नवरा सुकाणूवर असतो आणि बायको पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, नांगराशी झगडत असते. हे उलट करा. नांगर टाकायला-काढायला पाठीत जोर लागतो, सुकाणूला लागतं ते लक्ष. २७ फुटी बोटीला ८ मिलिमीटरची साखळी पुरते, तिचं वजन मीटरला साधारण दीड किलो. आठ मीटर पाण्यात उभी लोंबणारी साखळी आणि खालचा नांगर मिळून वीस-पंचवीस किलो हाताने ओढायचे असतात. ते काम ज्याच्यात ताकद जास्त त्याने करावं आणि दुसऱ्याने इंजिन व सुकाणू सांभाळावं. बाईंचा हात सुकाणूवर एकदा बसला की त्यांची निम्मी भीती तिथेच जाते.

आणि ओरडून बोलू नका. इंजिन चालू असतं, वारा तोंडावर असतो, पुढचा माणूस पाठमोरा असतो. अशा वेळी साधं “थांब” मागे पोचतं ते खेकसल्यासारखं. आम्ही हाताच्या खुणा ठरवल्या आहेत. साखळी ज्या दिशेला जाते तिकडे सरळ हात म्हणजे बोट तिकडे घे, मूठ वर म्हणजे इंजिन न्यूट्रल, मूठ गोल फिरवली की पुढे, तळवा मागे ढकलला की मागे, दोन्ही हातांची फुली म्हणजे नांगर लागला. चार-पाच खुणा पुरतात. एखाद्या भर दुपारी अलिबागजवळच्या खंदेरी बेटाच्या आडोशाला जाऊन अर्धा दिवस तोंडातून शब्द न काढता नांगर टाकायचा-काढायचा सराव करा.

आता बोट. तुम्ही २७ फुटीच घ्या. ३६ फुटीचं वजन साधारण दुप्पट असतं आणि शीड, दोर, नांगर, दुरुस्ती सगळंच त्या मानाने वाढत जातं. आतली ऐसपैस जागा पाहून मन होतं, हे मी समजू शकते. पण वारा वाढल्यावर ते मोठं शीड लहान करायला एकटी बाई किंवा एकटा माणूस पुरेल का, हा प्रश्न आधी विचारा. शिवाय कोकणातल्या खाड्यांत शिरायचं तर कील, म्हणजे बोटीच्या तळाखाली उतरणारा जड भाग, फार खोल नको, चार फुटांच्या आत असेल तर उत्तम. पुढचं शीड गुंडाळणारा फर्लर हवा, सगळे दोर कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूशी बसायच्या जागेपर्यंत, आणलेले हवेत आणि साधा का होईना, ऑटोपायलट हवा. तो तुमचा तिसरा खलाशी. इंजिन डिझेलचं, दहा-पंधरा अश्वशक्तीचं. उधाणाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी पाणी असं ओढतं की कमी ताकदीचं इंजिन बोटीला जागच्या जागी ठेवतं.

भरती-ओहोटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवशिके वाऱ्याचा अभ्यास करतात आणि पाण्याचा करत नाहीत. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो, गोव्याला जेमतेम दोन मीटर. नांगराचा हिशेब यावरूनच करायचा. समजा ओहोटीला तीन मीटर पाणी असताना नांगर टाकलात. भरतीला त्यात साडेचार मीटर वाढले, नाळेची पाण्यापासूनची उंची एक मीटर धरा, झाले साडेआठ. त्याच्या पाचपट म्हणजे बेचाळीस मीटर साखळी-दोर बाहेर हवा. तीन मीटरच्या हिशेबाने वीस मीटर सोडून जेवायला बसलेल्या बोटी मध्यरात्री सरकतात. उलट बेचाळीस मीटर सोडलेत तर ओहोटीला बोट तेवढ्याच मोठ्या वर्तुळात फिरणार, म्हणून शेजारच्या बोटीपासून अंतरही तसंच ठेवायचं.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ छापील तक्त्यातूनच घ्यायची. पण आठवड्याचा आराखडा डोळ्यांसमोर उभा करायला हा हिशेब फार कामाचा आहे. तो आराखडा असा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, समुद्र शांत असतो, निघायची वेळ तीच. पण पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे सहाला पूर्ण ओहोटी. बाणकोट, दाभोळ अशा खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत, दर पावसाळ्यानंतर ते जागा बदलतात. तिथे उधाणाच्या ओहोटीला कील टेकण्याची भीती असते. अष्टमी-नवमीला मात्र भरतीच पहाटे असते. दांड्यावर पाणी भरपूर, आणि भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असण्याचे, दिवस असल्यामुळे पाण्याची ओढही कमी. म्हणून खाडीतून बाहेर पडायचे बेत मी कॅलेंडरवर अष्टमीच्या आसपास बसवते आणि पौर्णिमा-अमावास्या मुक्कामाला ठेवते. एखाद्या खाडीत पहिल्यांदा शिरताना स्थानिक तांडेलाला, म्हणजे कोळी बोटीच्या प्रमुखाला, विचारायला अजिबात लाजू नका. नकाशावर गेल्या वर्षीची वाळू असते, त्याच्या डोक्यात आजची.

ऋतूबद्दल. नारळी पौर्णिमेनंतर कोळी दर्यात जातात, पण तुमच्यासारख्यांनी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबावं. ११ नोव्हेंबर २००९ ला आलेल्या फयान वादळाने कोकणच्या मच्छीमारांचं किती नुकसान केलं, ते रत्नागिरीकडे अजून सांगतात. दुसऱ्या टोकाला, मे उजाडण्याआधी परत या आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात बोट पाण्याबाहेर काढा. तौक्ते वादळ १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यात आलं. पावसाळ्यात गेटवेसमोर मुरिंगवर (तळाशी कायमच्या रोवलेल्या साखळीच्या बोयाला बांधून) बोट ठेवायचा विचारही करू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारी दक्षिणेकडे जाणं सुखाचं असतं. सकाळी मतलई, अकरा-बारानंतर वारा पडतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो, तो पाठीशी. परतीला तोच वारा तोंडावर. म्हणून परतीला जाण्याच्या दुप्पट दिवस धरा. पहाटे अंधारात तयारी, फटफटताच निघायचं, दुपारी एक-दोनपर्यंत नांगर टाकून मोकळं व्हायचं. दुपारी चार वाजता वायव्येच्या लाटांवर आपटत राहणारी बोट पाहिली की समजावं, कुणाला तरी सोमवारी ऑफिस गाठायचंय. तुम्हाला ते बंधन नाही, तर ते स्वतःहून ओढवून घेऊ नका.

टप्पे लहान ठेवा. छोटी बोट तासाला चार-पाच सागरी मैल जाते. गेटवेहून मुरुड-जंजिऱ्याजवळची राजपुरी खाडी चाळीसएक मैल. पहिल्यांदा हे एका दिवसात करू नका, रेवदंड्याला थांबा. राजपुरीहून हर्णै तीसएक, हर्णैहून जयगड तेवढंच, तिथून रत्नागिरी वीसएक, मग विजयदुर्ग, देवगड, मालवण. हर्णैला सुवर्णदुर्गाचा थोडा आडोसा मिळतो, पण मासेमारी बोटींची दाटी असते आणि वायव्येच्या लाटेने बोट रात्रभर डोलते, झोप लागत नाही. जयगडला शास्त्रीच्या मुखात शिरलं की पाणी शांत. आणि विजयदुर्ग! किल्ल्याला वळसा घालून आत आलं की वारा एकदम निवतो, हा माणूस विसरत नाही. आंग्र्यांच्या आरमाराने हीच जागा का निवडली, ते सांगायला तिथे कुणी लागत नाही. वाघोटन खाडीत गिर्ये गावाकडे त्यांच्या गोदीचे अवशेष आहेत, डिंगीने जाऊन पाहा, एक अख्खा दिवस द्या. मालवणला मात्र सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक आहेत. तिथे अंधारात किंवा सूर्य डोळ्यांवर असताना जायचं नाही. उशीर झाला तर देवगडलाच थांबा.

रात्रीचा प्रवास पहिली दोन वर्षं करू नका. कारण जाळी. किनाऱ्याजवळच्या पाण्यात रात्री जाळ्यांच्या मागे-पुढे फक्त प्लॅस्टिकचे कॅन नाहीतर काठीला बांधलेली फडकी तरंगत असतात, ती दिसत नाहीत. तुमच्या वसई-उत्तन-अर्नाळ्याच्या समुद्रात तर डोलजाळ्यांचे खुंट रोवलेले असतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. पंख्यात दोर अडकला तर आधी इंजिन बंद, मग नांगर, मग पाण्यात उतरायचं. करवतीसारख्या दातांची सुरी आणि पोहण्याचा चष्मा हाताशी ठेवा. जाळं कापावं लागलं तर पळून जाऊ नका. जाळ्याचा मालक जवळपासच असतो, त्याला गाठून सांगा, भरपाई द्या. त्याचं पोट त्यावर आहे, आपण तिथे हौसेने आलेलो असतो. याच माणसांकडून तुम्ही बर्फ, मासे, खाडीची माहिती घेणार आहात, आणि अडचणीत पहिली धावून येणारी बोटही त्यांचीच असेल.

आता जे कुणी मोकळेपणाने बोलत नाही ते: एक जण पाण्यात पडला तर बोटीवर उरतो एकच. बोट वळवून जवळ आणणं शिकवतात, पण सत्तर-ऐंशी किलोचा भिजलेला, दमलेला माणूस वर कसा घ्यायचा? नुसत्या हाताने नाही जमत, कितीही जीव तोडून ओढलं तरी. पाण्याखाली दोन पायऱ्या जाईल अशी शिडी हवी. डोलकाठीच्या दोराला लावता येईल अशी चारपदरी कप्पी तयार करून एका पिशवीत ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. मग मांडव्यासमोर नांगर टाकून, शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून यजमानांनी उतरावं, हातपाय न हलवता तरंगावं, आणि बाईंनी त्यांना एकटीने वर घ्यावं. दुसऱ्या दिवशी उलट. हे जमत नाही तोवर खंदेरीच्या दक्षिणेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. डेकवर एकटं असताना हार्नेसचा (अंगाला बांधायच्या सुरक्षापट्ट्याचा) हूक बोटीला लावलेलाच हवा, दिवसा आणि शांत समुद्रातही. घारापुरीला जाणाऱ्या प्रवासी बोटीचा १८ डिसेंबर २०२४ चा अपघात दिवसाउजेडी, गेटवेपासून थोड्याच अंतरावर झाला. जॅकेट पेटीत ठेवायची वस्तू नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं चॅनेल दोघांनाही पाठ असावं. व्हीएचएफ रीतसर परवान्यासह घ्या. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, परदेशातून कुणी भेट दिला तरी बोटीवर आणू नका.

कागदपत्रांची फाइल जलाभेद्य पिशवीत, सुकाणूच्या हाताशी. नोंदणी, विमा, दोघांची ओळखपत्रं, प्रतींसह. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले होते, त्यामुळे अनोळखी बोट दिसली की सागरी पोलिस येतात, गावकरीही चौकशी करतात. ते त्यांनी करायलाच हवं. नांगर टाकला की त्याच संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बंदराच्या कचेरीत आपणहून नाव सांगा. मुंबई बंदरात नौदलाच्या जेट्ट्या, जवाहर द्वीपाचं तेल टर्मिनल, ट्रॉम्बेचा किनारा यांच्या जवळपास फिरकू नका, फोटोही नकोत.

घर म्हणून बोटीत काय लागतं? मला विचाराल तर पहिला प्रेशर कुकर. झाकण बंद असल्याने बोट डोलली तरी सांडत नाही, गॅस वाचतो, आणि खिचडी, मेतकूट, लसणीची चटणी असली की दोघांचं जेवण होतं. थालिपिठाची भाजणी, आमसुलं, कांदे, बटाटे, लाल भोपळा, नारळ हे फ्रिजशिवाय टिकतं. गॅसचा सिलिंडर मात्र आत कधीच ठेवू नका. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला की बोटीच्या तळाशी साठतो, आणि तिथून तो बाहेर काढायला वाट नसते. सिलिंडर कॉकपिटमधल्या, बाहेर भोक असलेल्या पेटीत ठेवा आणि चहा झाला की नळी नव्हे, सिलिंडरची चावीच बंद करा. प्रत्येक वेळी. पाणी दोघांना पिण्या-जेवणाला दिवसाला दहा-बारा लिटर धरा, भांडी आधी समुद्राच्या पाण्याने. मुंबई बंदरातलं पाणी मात्र भांड्यांनासुद्धा नको. तिथे इंजिनच्या थंड पाण्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी अडकते, म्हणून इंजिन सुरू केल्यावर मागून पाणी पडतंय ना, हे पाहिल्याशिवाय मुरिंग सोडायचं नाही.

भांडणं होतील. सव्वीस-सत्तावीस फुटांत उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. आमच्याकडे तांडेल रोज बदलतो. आज मी, उद्या ते. ज्याचा दिवस त्याचा शब्द शेवटचा. याला अपवाद एकच. दोघांपैकी कुणीही “शीड कमी कर” किंवा “आज नको” म्हटलं की ते लगेच होतं, कारण विचारायचं नाही. चर्चा नांगर टाकल्यावर, चहा घेताना. ज्याला अनुभव जास्त त्याला हे जड जातं, तुमच्या घरात ते यजमान असतील. पण “नको” म्हटल्यावर ऐकलं जातं असा विश्वास बसला तरच दुसरा माणूस पुढच्या वर्षी बोटीवर येतो. बोट विकायला निघालेली जोडपी मी पाहिली आहेत, त्यांत पैशांपेक्षा हेच कारण जास्त वेळा होतं.

सुरुवातीला, शक्य असेल तर हा एक हिवाळा बोट घेऊच नका. बाईंनी मुंबईतल्या सेलिंग क्लबात स्वतंत्रपणे शिकावं, यजमानांबरोबर नव्हे. नवऱ्याकडून शिकलेली बाई अडलं की नवऱ्याकडे बघते. दोघांनी वेगवेगळ्या लोकांच्या बोटींवर खलाशी म्हणून जावं. क्लबात नेहमी माणसं हवी असतात.

आणि ती २७ फुटी पाहायला पुन्हा जाल तेव्हा बोट पाण्याबाहेर काढून पाहू द्या अशी अट घाला, जाणकार सर्व्हेयर बरोबर न्या. डोलकाठीच्या तारा किती वर्षांच्या आहेत आणि त्या हलमध्ये (बोटीच्या सांगाड्यात) जिथे अडकवल्या आहेत तिथे गंजाचे ओघळ आहेत का, हे विचारा. पाण्याखालच्या प्रत्येक झडपेची मूठ हाताने फिरवून बघा. किलीचे बोल्ट आतून पाहा. मग बोट पाण्यात असताना बाईंना कॉकपिटमध्ये बसवा आणि यजमानांनी जेट्टीवरच थांबावं. विंचपर्यंत (दोर ओढायच्या चक्रापर्यंत) हात पोचतो का, क्लीटवरचा (दोर अडकवायच्या खुंटीवरचा) दोर सोडता येतो का, उभं न राहता पुढचं दिसतं का, इंजिन स्वतः सुरू करता येतं का. यातलं जे जमत नाही ते लिहून काढा. त्यातलं काय बदलता येतं आणि त्याला किती खर्च येतो ते विचारा, आणि तेवढी रक्कम विक्रेत्याच्या किमतीतून कमी करून मागा.